आधी माश्या, मग मँटिस

मँटिस या शिकारी कीटकाच्या पुढ्यात मेलेली माशी टाकली तर तो तिच्यावरून चालत जातो. पोट रिकामं असलं तरी. तीच माशी चिमट्यात धरून जरा हलवली की त्याची मान वळते, पुढचे दोन्ही पाय छातीशी घट्ट होतात, अंग डावी-उजवीकडे हळू डोलू लागतं आणि पापणी लवायच्या आत माशी त्याच्या काट्यांमध्ये अडकलेली असते. एक दशांश सेकंदाच्या आसपासचं काम.

याचं कारण शोधायला माणसांनी मँटिसला चष्मे लावले आहेत. १९८३ साली सॅम्युएल रॉसेल यांनी मँटिसच्या डोळ्यांपुढे प्रिझम बसवून दाखवलं की हा कीटक दोन्ही डोळ्यांचा मेळ घालून अंतर ओळखतो. पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड यांच्या गटाने निळ्या आणि हिरव्या रंगाचे इवलेसे चष्मे मधमाश्यांच्या मेणाने मँटिसच्या डोक्यावर चिकटवले आणि त्यांना पडद्यावर खोटं भक्ष्य दाखवलं. विवेक नित्यानंद या गटातले. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि २०१८ मध्ये त्यापुढचा, मला जास्त मोलाचा वाटणारा निष्कर्ष आला. आपण दोन डोळ्यांतली दोन चित्रं एकमेकांशी ताडून खोली पाहतो. मँटिस चित्रं ताडत नाही. दोन्ही डोळ्यांत कुठे काही बदलतंय, एवढंच तो ताडतो. जे बदलत नाही, ते त्याच्या लेखी अन्न नाही.

म्हणून मँटिस पाळायचा तर जिवंत खाणं लागतं, आणि रोज नाही तरी दिवसाआड लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला काचेच्या बरणीतला हिरवा, मान वळवून बघणारा, डोळ्यात काळा ठिपका असलेला देखणा प्राणी दिसतो. आमच्याकडे येणारे सगळे त्याच्याच पुढे थांबतात, फोटो काढतात. त्याच्या खालच्या फळीवर कापडाने तोंड बांधलेल्या बाटल्यांची रांग असते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. माझा वेळ मात्र त्या रांगेत जातो. आणि मला आज लिहायचंय ते त्या रांगेबद्दलच.

आमच्या सोसायटीच्या मागच्या पेरूच्या फांदीवर छाटणीच्या वेळी एक अंडपेटी सापडली, तिथून हे सुरू झालं. वाळलेल्या फेसाचा, बदामी रंगाचा, सुपारीएवढा गोळा. आपल्याकडे बागांमध्ये सर्रास दिसणाऱ्या हायरोड्युला वंशातल्या मोठ्या हिरव्या मँटिसचा. मादी फेस काढत काढत त्यात अंडी रचत जाते आणि फेस वाळून टणक होतो. ऊब असेल तर चार ते सहा आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, एका सकाळी, सगळी एकदम, शंभर-दीडशेसुद्धा. पेटीच्या मधल्या शिवणीतून प्रत्येक जण पातळ पडद्यात गुंडाळलेला घसरतो, बारीक धाग्यावर लोंबकळतो, पडदा टाकतो आणि तासाभरात मुंगीएवढा, पण पूर्ण मँटिस होऊन चालू लागतो. मी त्यांतली मोजकीच ठेवते. बाकीची त्याच पेरूवर आणि शेजारच्या जास्वंदीवर सोडते. ती तिथलीच आहेत.

ठेवलेल्या पिल्लांना दोन-तीन दिवस काही नको असतं. मग भूक लागते, आणि खाणं नसेल तर ती एकमेकांना खातात. या वेळी तुमच्या हाताशी त्यांच्या मापाच्या, जिवंत, स्वच्छ, भरपूर माश्या हव्यात. त्या दिवशी बाजारात जाऊन मिळणारी ही वस्तू नाही. माशीची एक पिढी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि पहिली पिढी बाटली धरण्यातच जाते. म्हणजे अंडपेटी घरात आली त्याच आठवड्यात माश्यांची पहिली बाटली लागलेली हवी. हा क्रम ज्याला पटत नाही त्याने मँटिसच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिल्लांची माशी म्हणजे चिलट. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं, लाल डोळ्यांचं, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. आंबा-पेरूच्या बागायतदारांना ज्या फळमाशीने जेरीस आणलंय ती वेगळी. ती धडधाकट फळाला भोक पाडून आत अंडी घालते. चिलट फळ आंबल्यावर येतं, आणि खरं पाहिलं तर त्याला फळ नकोच असतं, फळावर वाढणारं यीस्ट हवं असतं. घरातली रानचिलटं पकडणं सोपं आहे. बाटलीत केळ्याचा तुकडा, तोंडावर कागदाचं नरसाळं, आणि ओट्याच्या कोपऱ्यात एक रात्र. पण ती उडतात. पिल्लांच्या डब्यात सोडायला झाकण उघडलं की निम्मी स्वयंपाकघरात.

म्हणून पंख नसलेली माशी लागते. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने मला ती दिली. एमएस्सीच्या मुलांना आनुवंशशास्त्राचं प्रात्यक्षिक करायला कॉलेजांमध्ये हे वाण जपून ठेवलेलं असतं. त्याचं नाव व्हेस्टिजिअल, म्हणजे पंखांच्या जागी नुसते सुरकुतलेले खुंट. हिचं कूळ न्यूयॉर्कपर्यंत जातं. थॉमस हंट मॉर्गन यांनी कोलंबिया विद्यापीठात दुधाच्या काचेच्या बाटल्यांमध्ये केळं घालून या माश्या वाढवल्या, १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या गर्दीत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि त्या नरापासून गुणसूत्रांवर जनुकं असतात हे सिद्ध होत गेलं. १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल मिळालं. खुंट्या पंखांचं वाणही त्याच काळात, त्याच बाटल्यांमधून पुढे आलं. माझ्या फळीवर उभ्या असलेल्या बाटल्यांत जे चाललंय ते तिथल्यासारखंच आहे, याचा मला दर वेळी आनंद होतो.

या वाणाच्या दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली, खुंटा पंख हा अप्रभावी गुण आहे. एखादं रानचिलट बाटलीत शिरलं आणि त्याचा संबंध आतल्या माशीशी आला, की त्या जोडीची सगळी संतती पंखांची, उडणारी निघते. म्हणून बाटलीच्या तोंडावर मलमल दुहेरी बांधायची आणि नवी बाटली भरताना आजूबाजूला पिकलं फळ ठेवायचं नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. जास्त तापमानात वाढलेल्या अळ्यांपासून निघणाऱ्या माश्यांचे पंख या वाणातही बऱ्यापैकी वाढतात. शिवाय तिशीच्या पुढे पारा टिकून राहिला तर नर वांझ होतात. बाटलीत माश्या दिसतात, अंडी दिसतात, अळी काही दिसत नाही. पुण्याचा एप्रिल-मे या माशीला सोसत नाही.

त्यावर आमच्या घरात जो उपाय निघाला तो सासूबाईंचा. परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर बाटल्या, आणि बाटल्यांभोवती ओलं फडकं ज्याचं टोक पाण्यात बुडालेलं. परात घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीत, माठाशेजारी. फडकं पाणी ओढत राहतं, वाफ होत राहते, बाटल्या थंड राहतात. आणि पाण्यामुळे मुंग्या चढत नाहीत. "अगं, साखरेच्या डब्याला आम्ही हेच करत होतो," आई म्हणाल्या. त्यांचा या सगळ्याला आधी विरोध होता. आयुष्यभर ज्यांनी जाळीची झाकणं घातली, ताटावर दुसरं ताट उपडं केलं, जेवताना एका हाताने माशी वारली, त्यांच्या घरात सुनेने माश्या पाळाव्यात हे त्यांना कसं रुचणार? "अहो आई, या बाहेर येत नाहीत," असं मी सांगायचे. त्यांची खात्री माझ्या सांगण्याने पटली नाही, बाटलीत डोकावून पटली.

अन्न कसं करायचं हे मैत्रिणीनेच सांगितलं. परदेशी पुस्तकांत मक्याचं पीठ आणि काकवी असते. आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांमध्ये मात्र माशीचं जेवण रवा आणि गुळाचं. एक लिटर पाण्याला साधारण शंभर ग्रॅम रवा, शंभर ग्रॅम गूळ, आठ-दहा ग्रॅम अगर-अगर (मिश्रण घट्ट करणारी पूड), आणि शेवटी बुरशी येऊ नये म्हणून थोडं प्रोपिओनिक आम्ल. घरी मी आम्लाऐवजी साधं व्हिनेगर घालते, तेही हात राखून, कारण जास्त झालं तर यीस्टही मरतं आणि यीस्ट मेलं तर माश्या उपाशी. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, अगर-अगर घालायचा, उकळी आली की रवा वरून भुरभुरत एका हाताने ढवळत राहायचं. गुठळी झाली तर तिच्या पोटात ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. चमच्यावरून जाड धारेने पडायला लागलं की गॅस बंद. किंचित निवल्यावर व्हिनेगर, मग उकळून वाळवलेल्या बाटल्यांमध्ये दोन बोटं उंचीपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर, बाटलीच्या आत धरलेला घाम पुसून, वर चिमूटभर कोरडं यीस्ट. मग घडी घालून उभा केलेला जाड कागद, म्हणजे माश्यांना बसायला जागा होते आणि अळ्यांना चढायला कोरडी भिंत. मग माश्या.

प्रत्येक बाटली तीन-चार आठवड्यांत दमते. अन्न काळपट होतं, पाणी सुटतं, बारीक गोचिडासारखे माइट्स येण्याचा धोका वाढतो. त्याआधीच तिच्यातल्या ताज्या माश्या नव्या बाटलीत घालायच्या, विरजण मागे ठेवतात तसं. पिढीमागून पिढी हे चालू ठेवायचं, आणि एकाच वेळी निदान तीन बाटल्या वेगवेगळ्या वयाच्या असायला हव्यात. एक नासली तर घरातली सगळी पिल्लं उपाशी राहायला नकोत.

आता बाटलीच्या आतलं. भिंग घेऊन बसलं की दुपार कशी जाते कळत नाही. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, आणि त्याच्या एका टोकाला दोन पांढरे तंतू, जे ओल्या अन्नाच्या वर राहून हवा घेतात. एका दिवसात अळी. ती अन्नात डोकं खुपसून दिवस-रात्र खाते. अंग इतकं पारदर्शक की तोंडातले काळे आकडे पुढे-मागे होताना कातडीतून दिसतात. दोनदा कात टाकते. चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं सोडते आणि भिंत चढायला लागते. आदल्या रात्री रिकामी असलेली काच सकाळी अळ्यांनी भरलेली असते. जागा पसंत पडली की ती थांबते, आखडते, आणि तिच्या डोक्याशी दोन बारीक शिंगं फुटतात. ती तिची श्वासाची नळकांडी. कातडी टणक होते, बदामी होते, कोष होतो. पुढच्या चार-पाच दिवसांत कोषाच्या आत काय चाललंय ते बाहेरून वाचता येतं. आधी पिवळसर दोन ठिपके, मग ते लाल होतात, ते डोळे. मग बाजूला काळसर रेघा, ते पंख किंवा माझ्या वाणात खुंट. असा कोष दिसला की उद्या सकाळी माशी.

सकाळीच. माश्या कोषातून बाहेर पडतात त्या बहुतेक पहाटे ते सकाळच्या सुमाराला. हवा थंड आणि दमट असते तेव्हा, म्हणजे मऊ अंग वाळून मरायची भीती कमी. हे घड्याळ त्यांच्या पेशींतच असतं, आणि ते कसं चालतं हे याच चिलटांवरून उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. मला त्या घड्याळाचा रोजचा उपयोग असा, की पिल्लांना ताजी माशी द्यायची तर बाटली सकाळच्या चहानंतर झाडायची, संध्याकाळी नाही.

बाहेर पडण्याची रीत मी कितीही वेळा पाहिली तरी पुन्हा पाहते. माशीच्या कपाळावर एक मऊ पिशवी असते. कोषाच्या आत ती फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते, आणि त्या दाबाने कोषाचं टोक झाकणासारखं उघडतं. माशी अंग ओढत बाहेर येते ती फिकट, लांबट, जवळजवळ पांढरी. पोटातून एक गडद ठिपका दिसतो. कपाळावरची पिशवी आत जाते ती कायमची. तासा-दोन तासांत रंग चढतो. नराचं पोट मागे काळं, मादीचं पट्ट्यापट्ट्यांचं आणि टोकदार. मग नर मादीच्या मागे लागतो, आणि इथे मला वाईट वाटतं. उडत्या वाणाचा नर एक पंख ताणून तो थरथरवतो, तो त्याचा सूर असतो आणि मादी तो ऐकून ठरवते. माझ्या नरांना पंखच नाहीत. ते खुंट ताणतात. काहींचं जमतं, बऱ्याच जणांचं जमायला वेळ लागतो.

एकदा आईंनी विचारलं, "एवढ्या बंद घरात यांना केळं कुठे आहे ते कळतं कसं गं?" याचं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांतली काही माणसं आपल्या कुलाब्यातली. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला, आणि सत्तरच्या दशकात तिथे चिलटांच्या चवीवर आणि वासावर काम सुरू झालं. व्हेरोनिका रॉड्रिग्ज तिथे पीएचडी करायला आल्या. केनियात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातल्या, आधी कंपाला आणि मग डब्लिनमध्ये शिकलेल्या. ज्या माश्यांना काही ठरावीक वास कळत नाहीत किंवा चव कळत नाही अशा माश्या त्यांनी हजारोंतून वेगळ्या काढल्या, आणि त्यांच्यावरून वासाची वाट डोक्यावरच्या स्पर्शिकांपासून मेंदूपर्यंत कशी जाते याचा माग घेतला. पुढे त्या मुंबईत आणि बेंगळुरूला कितीतरी विद्यार्थ्यांच्या गुरू झाल्या. २०१० मध्ये गेल्या. मी हे आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी बाटली उचलून पुन्हा एकदा बघितली. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या बाटल्यांना 'तुझ्या माश्या' न म्हणता 'आपल्या' म्हणू लागल्या.

पिल्लांनी दोन-तीन वेळा कात टाकली की चिलट पुरत नाही. मग घरमाशी. हे काम गच्चीत करायचं, घरात नाही, कारण वास येतो. गव्हाचा कोंडा, दूध पावडर, चिमूटभर यीस्ट आणि मुठीत दाबल्यावर पाणी टपकणार नाही इतपतच ओल. जाळीच्या पिंजऱ्यात माश्यांना साखर, दूध पावडर आणि पाण्याचा बोळा. दूध हवंच, कारण प्रथिनं मिळाल्याशिवाय मादीची अंडी पिकत नाहीत. कोंड्याची वाटी आत ठेवली की मादी फटीत शंभर-सव्वाशे अंड्यांचा पुंजका घालते. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत माशी तयार. कोष वेगळे करायची युक्ती सोपी आहे: सगळा कोंडा पाण्यात टाकायचा, तांबूस कोष वर तरंगतात. गाळून, वाळवून, फ्रिजमध्ये बंद डबीत ते काही दिवस थांबवून ठेवता येतात. लागतील तेवढे रोज बाहेर काढायचे. बाहेर आलेल्या माशीला लगेच मँटिसपुढे सोडू नये; तिचं पोट रिकामं असतं. एक दिवस मध-पाणी आणि दूध पावडर खाऊ दे. माशीच्या पोटात जे आहे तेच मँटिसच्या अंगी लागतं.

काही जण रस्त्यावरच्या, मटणाच्या दुकानापुढच्या माश्या धरून आणतात. मी कधीच आणत नाही. डासांसाठी फवारणी झालेल्या वस्तीतली माशी विष घेऊन येते. घरातलं डास पळवणारं मशीनसुद्धा याच जातीचं विष हवेत सोडतं. त्याने डास मरतो तसा मँटिसही मरतो. मँटिस असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावावी.

बाजारात रातकिडे मिळतात, झुरळं मिळतात, मग माशीच का? कात टाकण्यामुळे. कात टाकताना मँटिस उलटा टांगून घेतो, जुन्या कातडीतून खाली सरकतो, आणि अर्धा-पाऊण तास तो लोण्याइतका मऊ, संपूर्ण असहाय असतो. त्या वेळी बरणीत रातकिडा राहिला असेल तर तो त्याला कुरतडतो. माशी कुरतडत नाही. तिच्या तोंडाला चावायचे दातच नाहीत, ती फक्त चोखते. पण भिरभिरत माशी अंगावर बसली तर कात टाकणारा बिचकून पडू शकतो, म्हणून खाणं सोडलेल्या मँटिसच्या बरणीत माशीही ठेवू नये.

आपल्या दक्षिणेत आणि श्रीलंकेत एक व्हायोलिन मँटिस होतो, गॉन्गिलस गॉन्गिलोडिस. मान लांब, बारीक काडीसारखी, अंगावर वाळल्या पानाच्या झालरी. त्याला जमिनीवर चालणारं काही फारसं नको असतं. उडतं भक्ष्य हवं. तो युरोपात हौशी लोक पाळतात, आणि ब्रिटनमध्ये त्यांना माश्यांची अडचण पडत नाही, कारण गळाने मासे धरणाऱ्यांसाठीच्या दुकानांत मांसमाशीच्या अळ्या मापाने मिळतात. आपल्याकडे तसं दुकान नाही. पण आपल्याकडे कंपोस्टची टोपली आहे. पुण्यात ओला कचरा घरी जिरवणाऱ्या कितीतरी जणांना टोपलीत जाड, करड्या, चपट्या अळ्या दिसतात आणि ते घाबरून टोपली बंद करतात. ती काळी सैनिक माशी. रोग पसरवत नाही, मोठी झाल्यावर जेवणावर बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. पूर्ण वाढलेली अळी काळपट होऊन आपणच टोपलीबाहेर चढते. ती उचलायची, कोरड्या मातीत ठेवायची, दोनेक आठवड्यांत दीड-दोन सेंटिमीटरची माशी हाती येते. मोठ्या मादी मँटिसला असल्या दोन माश्या मिळाल्या तर तिचा दिवस भागतो. यासाठी मला काहीच रांधावं लागत नाही. घरातल्या भाजीच्या सालींवर ही माशी होते.

लोक विचारतात, एका जिवाला जगवायला इतके जीव वाढवून घालवायचे, हे पटतं कसं? उत्तरही बहुधा तेच देतात, जीवो जीवस्य जीवनम्. मला ते वचन खोटं वाटत नाही, पण ते म्हटलं की पुढचा विचार थांबतो. रानात मँटिस माशी धरतो तेव्हा ती माशी स्वतःची जगलेली असते. इथे ती मी जन्माला घातलेली आहे. तिचं अन्न, तिची हवा, तिची गर्दी, सगळं माझ्या हातात. २००३ साली डॅन ट्रेसी आणि सीमोर बेन्झर यांच्या गटाने दाखवलं की चिलटाच्या अळीला तापलेली सुई टेकवली तर ती अंगाभोवती गिरक्या घेत निसटते, आणि एक जनुक बिघडवलं तर ती तशी निसटत नाही. 'तिला काय कळतंय' हे वाक्य तेव्हापासून माझ्या तोंडी येत नाही.

त्यामुळे काही गोष्टी मी पाळते. मँटिस जेवढ्या खाईल तेवढ्याच माश्या बरणीत सोडायच्या. उरलेल्या कोपऱ्यात तडफडत, उपाशी मरायला ठेवायच्या नाहीत. बाटलीत अळ्यांची दाटी झाली तर अर्ध्या नव्या अन्नावर हलवायच्या, भले मला तेवढ्या माश्या नको असोत. दमलेली बाटली तशीच केरात टाकायची नाही; आधी ती गोठवायची, थंडीने माश्या सुस्तावतात, हालचाल थांबते, मग संपतात. आणि माशीला 'फीड' म्हणायचं नाही. हे माझं मीच ठरवलंय, दुसऱ्याने पाळावं असा आग्रह नाही.

या वर्षी वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा मागे लागलाय, "काकू, मला एक पिल्लू द्या ना." मी त्याला आधी बाटली दिली. यीस्ट भुरभुरलेली, वीस-पंचवीस खुंट्या माश्या घातलेली. रवा-गुळाचं प्रमाण त्याच्याच वहीत लिहून दिलं आणि सांगितलं, यातल्या माश्यांची नातवंडं झाली की ये, आणि दुसरी बाटली तू स्वतः शिजवलेली असली पाहिजे. परवा तो आला. पहिल्या बाटलीत कोष झाले होते, लाल डोळे दिसणारे, आणि त्याने ते वहीत काढलेही होते, शिंगांसकट. दुसरी त्याने आईला सोबत घेऊन शिजवली होती. अन्न पातळ राहिलं होतं आणि एका बाजूला हिरवी बुरशी धरली होती. रवा वाढव, ढवळताना घाई करू नकोस, आणि घाम पुसल्याशिवाय कापड बांधू नकोस, असं सांगून परत पाठवलं. अंडपेटी फुटायला अजून दोन-अडीच आठवडे आहेत. तेवढ्यात त्याची तिसरी बाटली नीट लागायला हरकत नाही.